नऊने भाग जातो

स्वॉन्झीच्या विद्यापीठात दोन वर्षं
एलेरीने जे ताळेबंद जुळवले
ते जुळण्यासाठीच जन्मलेले होते.
अ आणि ब हे भागीदार. नफा निम्मा-निम्मा.
अ कधी खोकत नसे.
बची पावती कधी चहात पडत नसे.

तिसऱ्या वर्षी प्लेसमेंट. कार्डिगन गावात,
प्रॉसर यांच्या पेढीत, केस कापायच्या दुकानावर,
जिनाभर शाम्पूचा वास.
पहिल्या आठवड्यात तिला मिळालं
एक कॅल्क्युलेटर, खिडकीची चावी
आणि बेव्हन बंधूंच्या कागदांचं खोकं.

बेव्हन बंधू : दोर, नांगर, होड्यांचा रंग.
विक्री इद्वल लिहितो, खरेदी हेडन.
टायवी नदीच्या काठी, एकाच हीटरपाशी
अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत.
काय सांगायचं ते वहीच्या समासात :
"खिळे संपले."
"मागवले."
"मागच्या वेळचे गंजके होते."
अशा नोंदींसाठी अभ्यासक्रमात रकाना नव्हता.

मार्चअखेर तिने तेरीज मांडली
आणि सत्तावीस पौंडांचा फरक आला.
बेरीज वरून खाली केली, खालून वर केली.
सत्तावीस.
प्रॉसर सँडविच चावता चावता म्हणाले,
"नऊने भाग जातो ना? मग बहुतेक चोरी नाही ती.
कुठेतरी दोन आकड्यांनी जागा बदलल्यात."

साडेचारला सापडले.
किरकोळ रोकड, सहा फेब्रुवारी.
पावती त्रेसष्टची, वहीत छत्तीस.

हे मराठीत लिहिताना सांगावंसं वाटतं,
एलेरीला ठाऊक असायचं काही कारण नाही :
आमच्या लिपीत ६३ मधले दोघे
समोरासमोर बसतात,
३६ मध्ये पाठ फिरवून.
हेडनच्या हाताने त्या दिवशी
बसलेल्यांना उठवलं होतं.

पावती जनावरांच्या डॉक्टरची.
मॉस, वय चौदा. शेवटचं इंजेक्शन.

कुत्रा हा धंद्याचा खर्च नव्हे.
त्याच्यावर घसारा काढता येत नाही
(काढला असता तर तो केव्हाच शून्यावर आला असता).
मालकाची उचल धरायची, मालकाच्या नावे टाकायची.
पण मालक कोण, हे विचारायला
तिला दुकानात जावं लागलं.
"त्याचा," इद्वल म्हणाला, हिशेबाच्या चष्म्याला.
"त्याचा," हेडन म्हणाला, दोराच्या वेटोळ्याला.
हीटरजवळ एक पत्र्याचं भांडं होतं.
पाणी ताजं होतं.
मालाच्या मोजणीत तिने ते धरलं नाही.

"उचंत खात्यात टाक," प्रॉसर म्हणाले, "तूर्त."
उचंत : ज्याचं काय करायचं ते कळत नाही
ते ठेवायचा कोनाडा.
पुस्तकात लिहिलंय, वर्ष संपताना
हा कोनाडा रिकामा दिसला पाहिजे.
पुस्तकात हे लिहिलेलं नाही की कोनाडा झाडताना
हात थोडा थांबतो.

तिने अडीच दिवस ठेवला.
मग लिहिलं :
इद्वल, नावे, साडेएकतीस.
हेडन, नावे, साडेएकतीस.

सही करायला वही आधी इद्वलकडे गेली.
त्याने पेनाचं टोपण लावलं, नदीकडे पाहिलं,
आणि वही उलटी फिरवून ठेवली,
पलीकडून वाचता यावी अशी.
हेडनने वाचली. बराच वेळ वाचली,
दोनच ओळी होत्या.
बोलले नाहीत.

ऑक्टोबरात ती परत वर्गात.
उंच छत, अंतराअंतरावर बाकं, पालथी प्रश्नपत्रिका.
प्रश्न तिसरा, वीस गुण :
अ आणि ब हे भागीदार आहेत,
नफा-तोटा समान वाटून घेतात.

शेजारचे कधीच लिहायला लागले.
एलेरीने प्रश्न पुन्हा वाचला, मग पुन्हा.
कुत्र्याचा उल्लेख कुठेच नव्हता.